टाकीच्या झाकणाचं भोक

रोवणीचे दिवस आले की माझ्या नाकाला आधी पेट्रोलचा वास येतो, चिखलाचा नंतर. बांधीत बाया वाकून धानाची रोपं, पऱ्हे, लावत असतात, आभाळ ओथंबलेलं असतं, आणि मी ओसरीवर बसून नाकाला पदर लावते. सुनेला वाटतं, म्हातारीला सर्दी झाली. वाटू दे.

आमच्याकडे या दिवसांत दोन पेरण्या होतात. एक बांधीत धानाची. दुसरी तलावात मासळीची. पहिलीला गाणी आहेत, दुसरीला नुसती घाई. बीजकेंद्रातून पिल्लं आणायची, जिऱ्याएवढी असतात म्हणून नावही जिरं, आणि ती जिवंत असेपर्यंत तलावात सोडायची. दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर फुगवून भरलेली ऑक्सिजनची हवा, तोंडाला पीळ आणि पिळावर रबराच्या रिंगा. पिशवीत हजारो जीव आणि त्यांच्या वाट्याची मोजकी हवा. गाडी वाटेत अडली की ती हवा सरते. एवढीच या धंद्यातली अक्कल, पण ती मला फार महागात शिकायला मिळाली.

या वर्षी रोवणी अर्ध्यावर असताना वरठीहून फोन आला. सुदाम मिस्त्रींच्या सुनेचा. "बाबा आता जास्त दिवसाचे नाहीत," ती म्हणाली, "तुमची आठवण काढून राहिले. आबाजी येतीन काय?"

आबाजी म्हणजे आमचे हे. यांनी फोन कानाला लावून ऐकून घेतलं, नातीच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. सुदाम मिस्त्रींशी यांनी चाळीसेक वर्षांत तोंड उघडलेलं नाही. त्याआधी दोघं एका ताटात जेवत. हे का तुटलं, ते अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. खरं का तुटलं, ते फक्त मला ठाऊक होतं.

मिस्त्री जायच्या आत मला ते सांगायचं होतं. चाळीस वर्षं होती तेव्हा सांगितलं नाही, आणि आता चार दिवस उरले म्हणून जीव खालीवर होत होता. बाई मोठी हुशार!

सकाळी पाहते तो हे पांढरा सदरा घालून गाडीत बसलेले.

ही गाडी म्हणजे एका सरकारी खात्याची जुनी पेट्रोल गाडी. गावोगाव कुटुंब नियोजनाचे सिनेमे दाखवत फिरायची. लिलावात निघाली, यांनी घेतली. आत दोन फळ्यांच्या खाटा ठोकल्या, स्टोव्ह ठेवायला पत्र्याचा कोनाडा केला, पाण्याचा पिंप बांधला. पावसाळ्यात बिजाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आमचा संसार त्यातच. रंग कितीही दिला तरी कुशीवरचा लाल त्रिकोण, कुटुंब नियोजनाची खूण, खालून वर यायचा. आणि त्या त्रिकोणाला टेकून मी उभी, सहावा महिना लागलेली. पवनीच्या बाजारात एक बाई मला म्हणाली होती, "बाप्पा, तुमच्या गाडीचं तुमीच नाई आयकलं काय वं?"

पुढे ती गाडी गोठ्याच्या कडेला कोंबड्यांनी वापरली. दीड वर्षामागे नात चैताली पुण्याहून आली आणि तिनं कोंबड्यांना हाकललं. ती तिला 'कॅम्पर व्हॅन' म्हणते. इंजिन उघडून बसवलं, नळ्या बदलल्या, गंजलेली झाकणं फेकून नवी मागवली. गावात दोन चकरा झाल्या, झकास चालली.

"बसनं जाऊ ना जी," मी म्हटलं. "लवकर पोचू."

"नाई. याच गाडीनं." यांचा आवाज घट्ट. "त्याच्या दारात उभी करतो. पाह्य म्हणतो, तुह्या हातानं मेली होती, हे चालून रायली."

मरायला टेकलेल्या माणसाला हे भेटायला निघाले होते ते असे. आणि ही सगळी आग लावणारी मी, मागच्या खाटेवर जाऊन बसले.

आता त्या वेळच्या शहाणीबद्दल, म्हणजे माझ्याचबद्दल, सांगते. तेवीस वर्षांची होती. हिला वाटायचं, जगात आपल्याइतकी घट्ट गाठ कोणाची नाही. खोटंही नव्हतं. बीजकेंद्रावर पिशव्या बांधताना हिच्या पिशवीतून हवा सुटत नसे. पुरुष माणसं बाकीच्यांना बोलावून दाखवत, "रिंग कशी चढवावं ते पाहा." ही पदर दातात धरून खाली मान घालायची आणि आतून फुगायची, पिशवीसारखीच.

या शहाणीला पोटुशीपणात पेट्रोलचा वास सहन होईना. टाकीचं तोंड नेमकं हिच्या खाटेमागे, बाहेरच्या बाजूनं, एका लहानशा पत्र्याच्या दाराआड. त्यात यांनी एकदा सांगितलेलं, "पेट्रोलमदी पाणी गेलं का गाडी मेली समज." पाऊस तर रोजचाच. शिवाय हिच्या मनानं घेतलं, आपल्याला या वासानं घेरी येते तर त्या जिऱ्याएवढ्या जीवांचं काय होत असेल?

मग हिनं काय केलं? बिजाच्या पिशवीचं प्लॅस्टिक घेतलं, दुहेरी, टाकीच्या झाकणावरून ओढून नळीच्या गळ्याशी आवळलं आणि वर रिंगा चढवल्या. चार. पत्र्याचं दार लावलं. पेट्रोल भरायच्या वेळी उतरून सोडायची, भरून झालं की पुन्हा बांधायची. झाकणाची बाजू हिची, इंजिनाची यांची, अशी वाटणीच होती. वास बंद, पाणी बंद. हिनं स्वतःचीच पाठ थोपटली.

त्या वर्षीची पहिली फेरी. भंडारा सुटलं, अड्याळ यायचं होतं, आणि गाडी खोकली. दोन उचक्या दिल्या आणि मेली. यांनी झाकण उघडलं, म्हणजे इंजिनाचं. कार्बोरेटरला पेट्रोल येत नव्हतं. नळी काढून तोंडानं ओढली, थुंकले, फुंकर मारली. घडीभरानं गाडी आपोआप चालू झाली. दोन कोस गेली, पुन्हा खोकली. त्या दिवशी उघाड पडलेली. ऊन असं की डांबरावरून वाफ उठत होती. आम्ही पिशव्यांवर ओलं पोतं टाकत होतो, पंख्यानं वारा घालत होतो. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा पिशवीतलं पाणी पांढरं दिसायला लागलं. जिरं वर आलेलं. हलवलं तर हलत होतं, पाण्याबरोबर.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तीस घरं उभी होती. आम्हा मासेमार ढिवरांना शेत म्हणजे तो तलाव. पिशव्या उघडल्या. सासूनं तेवढं विचारलं, "येकबी नाई काय रे?"

चैतालीची गाडी पवनी सोडून थोडी पुढे आली आणि खोकली.

मी तो खोकला झोपेतही ओळखीन. दोन उचक्या, मग शांतता.  पण यावेळी प्लॅस्टिक नव्हतं, मग? दोघं इंजिनाशी वाकलेले पाहून मी हळूच उतरले आणि पत्र्याचं दार उघडलं. नवं झाकण, आरशासारखं. बोट फिरवून पाहिलं. सगळीकडे गुळगुळीत. जुन्या झाकणाला मध्ये टाचणीएवढं भोक होतं, याला भोकच नव्हतं.

दार लावून मी परत येऊन बसले. का? विचारू नका. एकदा उघडलं असतं तर गाडी लगेच चालली असती. पण हे विचारणार, तुले कसं समजलं? त्या एका प्रश्नापुढे मी म्हातारपणीही तेवीस वर्षांचीच.

"आबाजी, फिल्टर नवीन आहे," चैताली म्हणत होती.

"पंपाचा रबरी पडदा पाह्य."

"तोही नवीन."

"मंग नळीत कचरा असंल. त्या वक्तीबी असंच होत होतं, पोरी. त्या सुदामानं जुना पडदा टाकला होता पंपात. भरोशाचा माणूस!"

घडीभरानं गाडी चालू झाली, जशी तेव्हा व्हायची. यांनी विजयानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बांधीतल्या बायांनी हात हलवला.

तेव्हा पहिल्या फेरीनंतर गाडी वरठीला सुदाम मिस्त्रींच्या टिनाखाली उभी होती. मिस्त्री बारीक अंगाचे, बोलणं त्याहून बारीक. त्यांनी पंप उतरवला, पडदा बदलला, कार्बोरेटरची एकेक सुई रॉकेलात धुतली. मी स्टुलावर बसून खारवलेली कैरी खात होते. काम संपताना त्यांनी हात पुसत सहज विचारलं, "टाकीच्या झाकणाचं भोक उघडं हाय ना? तेवढं पाहून घ्या. पेट्रोल खाली जाते तं तेवढी हवा आत जावं लागते. नाई तं टाकी आतून ओढून धरते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. झाकणाची बाजू माझी ना!

"हाय ना," मी म्हटलं. "रोज पुसून रायली मी."

आणि त्यात खोटं काय होतं? भोक होतंच. त्याच्यावर दोन पदर प्लॅस्टिक होतं, एवढंच. ते सांगावं असं त्या कैरी खाणाऱ्या डोक्यात आलंच नाही. कोणी पाहायला गेलं असतं तर! पण मिस्त्रींनी मैतराच्या बायकोचा शब्द मानला.

दुसरी फेरीही मेली. यावेळी पाळीवर सासूही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी यांनी वरठीत भर रस्त्यात मिस्त्रींची गचांडी धरली. "माह्या तलावाचं वाटोळं केलं तू! जुना पडदा टाकला का नाई? खाय शपथ!" मिस्त्री म्हणत होते, "नवा होता रे, लेकाची आन, नवा होता." गिऱ्हाईक जमलेलं. यांनी तिथला पाना उचलून नालीत फेकला. मिस्त्री वाकून तो नालीतून काढत होते, ते मी गाडीत बसून पाहिलं. पुढे म्हणे गिऱ्हाईक कमी झालं. मी विचारलं नाही, लोकांनी सांगितलं.

तिसरी फेरी शेवटची. बीजकेंद्रात तेवढंच उरलं होतं. तेही मेलं असतं तर तलाव वर्षभर रिकामा आणि तीस घरांची जाळी खुंटीला. गाडी अड्याळच्या चढाला थांबली. हे उतरले, एकदा नळी फुंकून पाहिली आणि सोडून दिलं. रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले आणि तोंडात रुमाल कोंबून रडले. मी त्यांना तोवर रडताना पाहिलं नव्हतं. मला काही सुचेना. वाटलं, पेट्रोलच संपलं असेल. काडी बुडवून पाहावी. पत्र्याचं दार उघडलं, रिंगा काढल्या, प्लॅस्टिक सोडलं, झाकण फिरवलं.

टाकीनं श्वास घेतला. सूंऽऽ करून, लांब. बुडता माणूस वर येऊन घेतो तसा.

त्या क्षणी सगळं कळलं. मिस्त्री टाकीबद्दल बोलले ते, दोन फेऱ्यांचं जिरं, नालीतला पाना, सगळं. प्लॅस्टिक आणि चार रिंगा मी ओच्यात खोचल्या. हाका मारल्या, "अजी, चालू करून पाहा ना!" गाडी चालू झाली ती घरापर्यंत थांबली नाही. अर्ध्याहून जास्त जिरं जगलं. पाळीवर सासूनं माझी दृष्ट काढली. आणि हे सगळ्यांना सांगत होते, "म्या सोता नळी साफ केली तवा चालली. त्या सुदामानंच बिघडवली होती."

तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य. पण दोन फेऱ्यांचं मरण माझ्या नावावर लागलं असतं, आणि ती शहाणी दृष्ट काढून घेत उभी होती. म्हटलं, उद्या सांगीन. मग म्हटलं, बाळंतपण होऊ दे. पोराच्या बारशाला मिस्त्रींनी टोपडं पाठवलं होतं, ते यांनी परत केलं. म्हटलं, राग उतरू दे. असे चाळीस पावसाळे गेले.

आता अड्याळच्या चढाला गाडी पुन्हा मेली. तोच चढ. मैलाचा दगड तेवढा नवा. चैतालीचा फोन वाजला, तिनं ऐकून खाली ठेवला. "लवकर या म्हणतात. ते आता पाणीही घेत नाहीत."

हे इंजिनापाशी उभे होते. नळी निघत नव्हती. अचानक म्हणाले, "पोरी, हे मले जमत नाई वं. सुदाम पायजे होता." आणि मैलाच्या दगडाला टेकले.

मी उतरले. बाईचा बेरकीपणा मेला तरी जात नाही: मनात योजलं की झाकण उघडताना मोठ्यानं खोकायचं, म्हणजे आवाज झाकेल. खोकले. चांगली तीनदा, घसा फाडून. टाकीनं माझ्या खोकल्याला भीक घातली नाही. सूंऽऽ.

यांना माझं बोलणं कधी ऐकू येत नाही. मशीनचं येतं. काठी टेकत वळसा घालून आले. माझ्या हातातल्या झाकणाकडे पाहिलं, घेतलं, मधोमध अंगठा फिरवला. 

"तवाबी हेच होतं काय?"

"तवा प्लॅस्टिक होतं," मी म्हटलं. "बिजाच्या पिशवीचं. दोन पदर."

"अन् वरून?"

"रिंगा."

"कितीक?"

"चार."

"चार," हे म्हणाले. जणू तीनच असत्या तर चाललं असतं. मग झाकण माझ्या हातात परत देऊन पुढे जाऊन बसले. "टाकीच्या तोंडाले नुसतं फडकं लाव," चैतालीला म्हणाले.  तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी झाकणाकडे.

मिस्त्रींच्या दारात हॉर्न वाजवायचं हे विसरले.

मिस्त्री खाटेवर होते. अंथरुणात माणूस आहे हे शोधावं लागत होतं. डोळे तेवढे तेच, बारीक आणि कामाचे. यांना पाहून ना हसले, ना रडले. विचारलं, "गाडी आणली काय?"

"आणली."

"थांबली असंल."

"दोनदा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. ओठ हलत होते, सून पुढे वाकली, तिला वाटलं पाणी मागतात. "झाकणाचं भोक पाह्यलं काय?"

हे बाजूला सरले. सरकून त्यांनी मला जागा केली.

"भाऊजी," मी म्हटलं, "भोक म्याच बंद केलं होतं. तुमी विचारलं तवा मले समजलं नाई. अन् समजलं तवा म्या सांगितलं नाई."

मिस्त्री छताकडे पाहत राहिले.  मग म्हणाले, थांबत थांबत, "वयनी, मी तो पंप रोज खोलत होतो. मनातल्या मनात. पडदा नवा होता हे मले पक्कं मालूम. तरी वाटे, माह्याच हातानं काही रायलं असंल. पुन्हा खोलून पाहो, पुन्हा लावो. लई वर्षं खोलला."

मी शिव्यांची तयारी करून गेले होते. याची नाही.

मग त्यांनी हात पुढे केला. मी झाकण दिलं. त्यांनी अंगठ्यानं मधली जागा चाचपली, बाजूला सरकले, पुन्हा मध्ये आले. "खिळा आण," सुनेला म्हणाले. यांनी झाकण खाटेच्या फळीवर धरलं, मिस्त्रींनी नखानं जागा दाखवली, यांनी हातोडी मारली. "मोठं नको करू," मिस्त्री म्हणाले, "पाणी जाईन." यांनी बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा मारली, हलकी.

परतीला गाडी कुठंच थांबली नाही. अड्याळ गेलं, पवनी गेली. इतकी सरळ गाडी मला कधी नको झाली नव्हती. थांबली असती तर हे काहीतरी बोलले असते, निदान शिवी तरी.

चार दिवस बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवत, ताट सरकवून उठत. पाचव्या दिवशी वरठीहून फोन आला. मिस्त्री गेले. हे तडक निघाले, बसनं, एकटे. मला विचारलं नाही.

काल तलावात बीज सोडायचं होतं. आता बीज ट्रकनं येतं, दुसरंच कोणी आणतं. पिशव्या लगेच उघडायच्या नसतात. आधी तलावाच्या पाण्यावर तशाच तरंगू द्यायच्या, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होईस्तोवर. घाई केली तर तलावात येऊनही जिरं मरतं. मी पाळीवर उभी राहून फुगलेल्या पिशव्या पाहत होते. हे पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत. एक पिशवी ओढत माझ्यापाशी आणली.

"खोल," म्हणाले.

मी काठाशी बसले. रिंगा चढवणारी जगातली पहिली बाई मी. उतरवताना बोटं चालेनात. एक निघाली. दुसरी निसटली, पुन्हा पिळावर बसली. आत जिरं काळ्या धुरासारखं फिरत होतं. हे पिशवी धरून शेजारी उभे होते. त्यांनी हात लावला नाही. पण गेलेही नाहीत.